समाधान कक्षाचा फोन

संपादकांनी फोन करून सांगितलं, "काका, दिवाळी अंकासाठी एखादा थरारक तपास लिहा. खून, दरोडा, पाठलाग, असं काहीतरी." मी म्हटलं, बाबा रे, पोलिसात केस पांढरे झाले, पण जिवाच्या आकांताने पाठलाग मी एकदाच केला, तोही ठाणेदार साहेबांच्या सुटलेल्या कुत्र्याचा. ते कुत्रंही शेवटी आपलं आपणच परत आलं. दरोडेखोरांची भीती आम्हाला फारशी कधी वाटली नाही. आमची झोप उडायची ती महिन्याच्या बैठकीने. म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोलिसाचं काम म्हणजे चोर पकडणं. ते असतंच, पण ते जमलं की नाही हे मोजण्याचं काम त्याहून मोठं असतं. दर महिन्याला सगळ्या ठाण्यांचे ठाणेदार बुलढाण्याला जमतात. भिंतीवरच्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा येतो. काम चांगलं असेल तर तुमचं ठाणं हिरवं, बरं असेल तर पिवळं, नाहीतर लाल. लाल ठाण्याच्या ठाणेदाराने उभं राहायचं आणि कारण सांगायचं. कारण कोणी ऐकत नाही, पण सांगावं लागतं. आमचं ठाणं मेहकरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. तिकडच्या लोकांना ओळखू येईलच आणि इतरांना कळून काय करायचंय?

या मोजमापात एक गंमत होती. चोऱ्या कमी झाल्या की शाबासकी मिळायची, आणि हातभट्टीच्या केसेस कमी झाल्या की "कामात ढिलाई" असा शेरा. म्हणजे चोराने सुधारावं, पण दारू गाळणाऱ्याने अजिबात सुधारू नये, अशी खात्याची मनापासून इच्छा. आमच्या हद्दीतल्या एका म्हाताऱ्याने सून अंगणवाडीत लागली म्हणून लाजेखातर भट्टी कायमची बंद केली. आम्ही लगेच पिवळे झालो. पुढे तो मला बाजारात भेटला आणि फार काळजीने म्हणाला, "जमादार, मी सोडली तं तुमचं नुकसान होऊन राह्यलं म्हनते. दुसऱ्या कोनाचं नाव सांगू का?" इतका सहकार्य करणारा नागरिक मी पुन्हा पाहिला नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नकाशात एक नवीन रकाना आला. फिर्यादीचं समाधान. वरती एक समाधान कक्ष उघडला गेला. तिथून तक्रारदाराला थेट फोन जायचा आणि तीन प्रश्न विचारले जायचे. तुमची तक्रार घेतली का? वागणूक नीट मिळाली का? पोलिसांच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का? उत्तर हो किंवा नाही, तिसरं काही लिहायला जागाच नव्हती.

कल्पना चांगली होती. वाईट होता तो आमचा अनुभव. एका तरुणाचा चोरीला गेलेला मोबाइल आम्ही हैदराबादेहून शोधून आणला, तरी त्याने "नाही" सांगितलं. का, तर तोवर त्याने हप्त्यावर नवा घेतला होता आणि आता जुना घरात पाहून बायको रोज विचारत होती की नवा कशाला घेतला. एका मोठ्या बागायतदाराच्या ट्रॅक्टरची बॅटरी आम्ही शोधून दिली. त्यांनीही "नाही"च सांगितलं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "बॅटरी आनली थे ठीक. पन तुमचा ठाणेदार आमच्या घरी चहाले आला का? नाई आला. मंग कायचं समाधान?" पुढच्या आठवड्यात साहेब चहाला गेले. पण कक्षाचा फोन काही दुसऱ्यांदा येत नसतो.

असे नमुने सगळ्या ठाण्यांत होते, त्यामुळे सगळेच थोडेथोडे पिवळे होते. लालभडक होता एकच भाग, आमच्या वंदनाचा.

वंदना आमच्याकडे हवालदार होती. डोणगावच्या रस्त्याकडची काही गावं तिच्याकडे होती. त्याला आमच्यात बीट म्हणतात, म्हणजे त्या गावांतलं बरंवाईट जे होईल त्याची पहिली जबाबदारी तिची. मी ठाण्यात टेबलावर बसून तक्रारी लिहून घ्यायचो, ती मोटारसायकलवर फिरायची. खरं सांगतो, माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं मन लावून काम करणारं माणूस पाहिलं नाही. लोक आमच्या ठाण्यात यायचे आणि ठाणेदार समोर बसलेले असताना विचारायचे, "ताई नाई का?" नाही म्हटलं की परत जायचे.

कौसल्याबाईचंच पाहा. ही माळ्याची विधवा बाई, दोन एकरांत वांगी, मेथी, कांदा करणारी. तिच्या शेतातल्या तुषार संचाची पितळी नोझल चोरीला गेली. नोझल म्हणजे पाइपच्या टोकाला गरगर फिरून पाणी उडवणारी तोटी. चोर ती पिरगाळून काढतात आणि भंगारात विकतात. पितळ एकदा भट्टीत गेलं की ब्रह्मदेवालाही सापडत नाही. वंदना त्याच दिवशी तीन गावांतल्या भंगारवाल्यांकडे जाऊन बसली आणि एकाच्या पोत्यातून ती नोझल जशीच्या तशी काढली. चोरही सापडला. कोर्टाकडून माल सोडवून तिने तो कौसल्याबाईच्या हातात दिला. बाईने तिची दृष्ट काढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि त्याच कौसल्याबाईचं कक्षाकडचं उत्तर होतं, तिन्ही प्रश्नांना, नाही.

एकट्या तिचंच नाही. वंदनाच्या गावांतून ज्याला ज्याला फोन गेला, त्याने त्याने नाही सांगितलं, नाहीतर फोन कापला. एकाने म्हणे शिव्या दिल्या. पुढच्या बैठकीहून ठाणेदार साहेब परतले ते चहा न घेता खुर्चीत बसले. साहेब वयाने लहान, स्वभावाने चांगले, पण बैठकीहून आल्यावर त्यांचा चेहरा पाहवत नसे. म्हणाले, "जमादार, ज्याचं समाधान सगळ्यात खाली, त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हलवणार. वंदनाचं नाव निघालंय. वरवट बकालकडं."

नकाशा पाहिला नसेल त्यांना सांगतो, मेहकर जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि वरवट बकाल पार उत्तरेला. मधे घाट, दोनतीन ठिकाणी एसटी बदलायची. वंदनाचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मेहकरात तिच्याजवळ असत. आई नाही, भाऊ नाही. नवऱ्याशी फारकत झालेली. तिच्या ड्यूटीच्या वेळात शेजारची एक बाई म्हाताऱ्याला भरवायची, आणि तिथलाच एक मुलगा येऊन हातापायांचा व्यायाम करून घ्यायचा. त्यामुळे म्हातारा काठी धरून चार पावलं टाकायला लागला होता. तिकडे गेली तर हे सगळं मोडणार होतं. वंदना एवढंच म्हणाली, "जमादार, मी लोकांचं काय वाकडं केलं हो?" रात्री मला जेवण गेलं नाही.

उत्तर आपल्या पायांनी चालत ठाण्यात आलं. एका सकाळी कौसल्याबाई पदर खोचून माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"जमादार, तक्रार लिव्हा. एक भामटा मले फोन करून राह्यला."

"काय म्हणतो?"

"म्हनते मी पोलीस खात्यातून बोलतो. तुमचे नोझल भेटले का, वागनूक भेटली का, समाधान हाय का. त्याले माह्या नोझलचं कसं माईत? मी समजून गेली बाप्पा, हा चोरच हाय. ताईनं सांगतलं होतं, अनोळखी नंबरवरून कोनी बी फोन करो, पोलीस म्हनो का बँक म्हनो, कायलेच हाव म्हनाचं नाई. मी तीन डाव नाई म्हनलं. वरून म्हनलं, थांब, तुह्यीच तक्रार देतो. नंबर ग्रुपवर टाकला, साऱ्या गावाले सांगतलं."

मी पेन खाली ठेवलं. आमच्या मोजमापात आणखी एक रकाना होता तो मला तेव्हा आठवला. सायबर जनजागृती. फोनवरून फसवणाऱ्यांपासून सावध राहा, हे लोकांना शिकवायचे किती कार्यक्रम घेतले, त्याचेही गुण मिळत. बाकीचे अंमलदार शाळेत जाऊन फलक धरून फोटो काढत आणि परत येत. वंदना तसं करणारी नव्हती. ती बायकांना ओट्यावर बसवून खोटा फोन लावायची, पोलीस बनून, बँकवाली बनून, गोड बोलून, दम देऊन. जी बाई चुकून "हो" म्हणेल तिला सगळ्यांसमोर पुन्हा शिकवायची. तिच्या गावांत म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळे इतके तयार झाले होते की खरा जावई नवीन नंबरवरून बोलला तरी त्याला आजेसासऱ्याचं नाव विचारत.

तक्रार आलीच आहे तर लिहून घेतली पाहिजे. मी घेतली. साहेबांनी नियमाप्रमाणे तो नंबर कोणाचा आहे याची विचारणा केली. उत्तर आलं, नंबर समाधान कक्षाचा. म्हणजे आमच्या ठाण्यात आमच्याच खात्याविरुद्ध, आमच्याच खात्याच्या शिकवणीवरून, फसवणुकीचा अर्ज दाखल झाला होता. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग दार लावून हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर वंदना समोर दिसली आणि हसू गेलं.

पुढच्या बैठकीला साहेबांनी मलाही सोबत नेलं. तिथे जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आधी सायबर जनजागृतीचा पडदा आला. जिल्ह्यात पहिला भाग वंदनाचा. टाळ्या झाल्या, प्रशस्तिपत्र साहेबांच्या हातात दिलं गेलं. ते घेऊन साहेब जागेवर पोहोचतात न पोहोचतात तोच समाधानाचा पडदा आला. जिल्ह्यात शेवटचा भाग वंदनाचा. साहेब प्रशस्तिपत्र हातात धरूनच पुन्हा उभे राहिले. त्यांनी सगळी हकीकत सांगितली. लोक नाराज नाहीत, हुशार झालेत, असं म्हणाले. वरच्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दोन रकाने वेगळे आहेत. एकाचं कारण दुसऱ्यात चालत नाही. हवं तर एकदा फेरपडताळणी करू. त्यात हो आलं तर ठीक."

मग काय, माझ्यावर काम आलं. गावोगाव जाऊन सांगायचं की अमुक नंबरवरून फोन येईल, तो आपलाच आहे, त्याला हो म्हणा. मी साध्या कपड्यांत गेलो ही चूक झाली. पहिल्याच गावात पारावर बसलेल्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मला वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं ती.

"जमादार, तुमाले हे कोनी सांगतलं?" एकाने विचारलं.

"वरून आलंय."

"फोनवर का?"

"हो, फोनवर."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "जमादार, तुमी बी फसले. घाबरू नका. पहिले ताईले जाऊन सांगा."

दुसऱ्या गावात तर एका बाईने माझं ओळखपत्र मागितलं, पाहिलं आणि "असे छापून भेटते" म्हणून परत दिलं. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट वंदनाचा अभिमानच वाटला.

सगळे एकच म्हणत होते, ताई सांगेल तर हो म्हणू. मी वंदनाला म्हटलं, "पोरी, तू एकदा जा. फक्त या एका नंबरापुरतं सांग." तिने मान हलवली.

"नाही जमादार. मी आज सांगेन की पोलीस म्हणून बोलणाऱ्या या एकाला हो म्हणा. उद्या चोरही हेच सांगेल. मागल्या वर्षी गुरुजींच्या घरी काय झालं ते तुम्हीच लिहून घेतलंय ना?"

घेतलं होतं. पोलीस असल्याचं भासवून कोणीतरी त्या म्हाताऱ्या गुरुजींना फोनसमोर दिवसभर बसवून ठेवलं होतं. मुलीच्या लग्नाचं सगळं गेलं. तेव्हापासूनच वंदना ओटे फिरायला लागली होती.

"आणि तुझे वडील?" मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. "त्यांना मी नेईन कुठंही. पण शिकवलेलं परत घेणार नाही." मला तिचा रागही आला आणि पायाही पडावंसं वाटलं.

फेरपडताळणीचे फोन सुरू झाले आणि एकही उचलला गेला नाही. शेवटी कक्षातले एक अधिकारी स्वतःच निघाले. पक्के प्रामाणिक. निःपक्ष पडताळणी व्हावी म्हणून ठाण्याला न कळवता, खासगी गाडीने, साध्या कपड्यांत ते थेट कौसल्याबाईच्या वांग्यांच्या शेतात पोहोचले. आणि म्हणाले, "मावशी, मी पोलीस खात्यातून आलोय. तुमचं समाधान विचारायचं होतं."

दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे सरपंच, मागे गलका.

"जमादार, सापडला! समाधानवाला सापडला! फोनवर जमलं नाई तं आता खुद्द आला. ग्रामपंचायतीत बसवून ठेवला. म्हनते मी तुमचा साहेब हाय, म्हनते या नंबरवर फोन लावून विचारा. पन ताईनं सांगतलं, त्यानं देल्ला नंबर लावाचाच नाई, आपल्याले माईत हाय थोच लावाचा. म्हनून तुमाले लावला."

"मारलं का रे कोणी?" मी ओरडलो.

"छे! चहा देल्ला, भजे देल्ले. फक्त कडी लावली."

वंदना आणि मी निघालो. मोटारसायकल तिने इतकी जोरात हाणली की माझी टोपी रस्त्यातच उडाली. ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव. कौसल्याबाई खुरपं घेऊन दारात. वंदनाने कडी काढली, आत जाऊन टाचा जुळवून सलाम ठोकला. तो सलाम पाहताच बाहेरची गर्दी एका दमात गप्प झाली.

कक्षाचे साहेब खुर्चीत बसले होते, पुढ्यात भज्यांची बशी. मला वाटलं, आता आपलं ठाणंच बंद करतील. पण माणूस मोठ्या मनाचा निघाला. रुमालाने हात पुसत म्हणाला, "मी जिल्हाभर फिरलो. ओळखपत्र दाखवलं की लोक उठून उभे राहतात, विचारेन ते सांगतात. इथं मला कोणी एक शब्द सांगितला नाही. हे कोणी शिकवलं?"

गावाने वंदनाकडे बोट दाखवलं.

मग वंदनाने सगळ्यांना सांगितलं की हे खरे साहेब आहेत, समोर उभे आहेत, मी त्यांना ओळखते. आता विचारतील त्याचं जे खरं असेल ते सांगा. साहेबांनी कौसल्याबाईला तिन्ही प्रश्न विचारले. तिने आधी ताईकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "हाव. लय समाधान हाय साहेब. या पोरीवानी पोलीस कुठं भेटत नाई." तिच्या मागून सगळं गाव हाव, हाव करत राहिलं. साहेब लिहीत राहिले. परत येताना वंदना गाडी हळू चालवत होती आणि मी मागे बसून माझी टोपी शोधत होतो. दोघंही खूश होतो.

कक्षाच्या साहेबांनी फार सुंदर अहवाल पाठवला. समाधान उत्तम, जनजागृती आदर्श, अशी महिला अंमलदार प्रत्येक भागात हवी. लाल रकान्यामुळे होणारी वंदनाची बदली रद्द झाली. आणि त्याच आठवड्यात दुसरा आदेश आला. उत्कृष्ट कामाची दखल घेऊन, ज्या भागात ऑनलाइन फसवणूक जास्त आणि जनजागृती कमी, तिथे तिच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून तिची नेमणूक करण्यात येत आहे. ठिकाण वरवट बकालकडचं.

आमचे ठाणेदार साहेब वर जाऊन भांडले. त्यांना सांगण्यात आलं की ही शिक्षा नाही, गौरव आहे, आणि गौरवाविरुद्ध विनंती अर्ज करायची सोय नाही. वडिलांचा पलंग आम्ही सगळ्यांनी मिळून टेम्पोत चढवला. म्हाताऱ्याला वाटलं, पोरीला बढती मिळाली. तो चांगल्या हाताने सगळ्यांना नमस्कार करत होता. मला तिथे उभं राहवेना, मी ठाण्याच्या मागे जाऊन तोंड धुतलं.

त्या महिन्यात आमचं ठाणं समाधानात जिल्ह्यात पहिलं आलं. साहेबांनी पेढे आणले आणि डबा माझ्यापुढे ठेवून आत निघून गेले. मी डबा टेबलावर उघडत होतो तेवढ्यात कौसल्याबाई आली. ताईसाठी वांगी आणली होती. मी तिला ताई गेल्याचं सांगितलं आणि काहीतरी द्यायचं म्हणून पेढा हातावर ठेवला.

"हा कायचा?"

"लोक समाधानी आहेत म्हणून."

ती पेढा तसाच हातात धरून राहिली.

"जमादार, मी फोनवर नाई म्हनत होती तवर ताई इथंच होती ना?"

"हो."

"आन मी हाव म्हनलं म्हनून गेली?"

कागद दाखवून मी तिला समजावू शकलो असतो की दोन रकाने वेगळे आहेत. मी म्हणालो, "हाव."

तिने पेढा डब्यात परत ठेवला, वांग्यांची पिशवी उचलली आणि वरवट बकालची गाडी कुठून मिळते ते विचारलं.